वाचकांचे प्रश्न: फायरस्टील, चाकूची पाठ आणि न पडणाऱ्या ठिणग्या

मागच्या अंकात आग पेटवण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे, चाकूच्या पाठीने, म्हणजे धारेच्या उलट बाजूने, फायरस्टीलवर (खरवडली की ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर) ठिणग्या पाडणं. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न: ताई, मी फायरस्टील घेतलं, त्यासोबत एक छोटी पत्र्याची पट्टी आलीय, तिने ओढलं की मस्त ठिणग्या पडतात. पण चाकूच्या पाठीने ओढलं की नुसता करकर आवाज येतो, चाकू घसरतो आणि जेमतेम एखाद-दोन ठिणग्या. माझा चाकू स्टेनलेसचा आहे. मित्र म्हणतो यासाठी कार्बन स्टीलच लागतं. नवा चाकू घेऊ का?

उत्तर: नको, निदान या कारणासाठी तरी अजिबात घेऊ नका. तुमच्या पट्टीने ठिणग्या पडतायत म्हणजे कांडी चांगली आहे, आणि चाकूचं पोलादही चांगलंच असणार, बिघाड आहे तो पाठीच्या कोपऱ्यात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळेल. फायरस्टीलमधली ठिणगी चाकूची नसतेच, ती कांडीची असते. ही कांडी म्हणजे फेरोसेरियम नावाचा मिश्रधातू, त्यात सेरियम, त्याच्याच जातकुळीतले लॅन्थनम, निओडिमियम वगैरे धातू, लोखंड आणि बहुतेक कांड्यांत थोडं मॅग्नेशियम असतं. सेरियमचा गुण असा की त्याचा बारीक कीस हवेत साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसलाच पेट घेतो, आणि खरवडताना घासून जी उष्णता तयार होते तेवढी त्याला पुरते. एकदा पेटला की तो कण जळताना ३००० अंशांच्या आसपास जातो. म्हणजे चाकूचं काम काय, तर फक्त कीस काढणं. सुताराच्या रंध्याचं पातं लाकडावर जे करतं तेच. म्हणून फुटक्या काचेची कड, करवतीच्या तुटक्या पात्याची पाठ, गारगोटीची धारदार कड, कशानेही ठिणग्या पडतात, आणि स्टेनलेसनेही अगदी छान पडतात. वस्तू कांडीपेक्षा कठीण हवी आणि तिचा कोपरा तीक्ष्ण हवा, बस.

आता तुमच्या चाकूची पाठ बघा. खूपशा चाकूंची पाठ कंपनीतूनच गोलसर करून येते कारण लाकूड तासताना अंगठा पाठीवर दाबला जातो, तिथे तीक्ष्ण कोपरा असला तर अंगठा सोलवटतो. काहींवर काळा लेप असतो आणि कोपऱ्यावर तो जाड बसतो. तपासायची सोपी रीत म्हणजे पाठीचा कोपरा अंगठ्याच्या नखावर हलकेच आडवा ओढा, नखाचा पांढरा भुगा निघाला तर कोपरा कामाचा, नुसता घसरला तर नाही. नख नको असेल तर उजेडात धरून बघा, कोपरा गोल असेल तर त्याच्यावर चकाकणारी रुंद रेघ दिसते आणि तीक्ष्ण असेल तर जवळजवळ काहीच चकाकत नाही. मला दुसरी रीत जास्त आवडते कारण कोपरा नेमका कुठे बरा आहे आणि कुठे गेलाय ते लांबीभर दिसतं.

दुरुस्तीला एक सपाट कानस आणि अर्धा तास लागतो. आधी धारेवर जाड कापड किंवा चामडं गुंडाळून वरून चिकटपट्टी लावा, हे टाळू नका, कानस घसरली की हात थेट धारेवर जातो. पाठ वर करून चाकू व्हाइसमध्ये धरा, व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या दोन पट्ट्या घाला म्हणजे पात्यावर ओरखडे येणार नाहीत. मग पाठीवर मार्करने काळं करून घ्या आणि कानस पाठीला अगदी आडवी, काटकोनात धरून पुढे ढकलत न्या, परत आणताना उचलून आणा. मार्करची शाई मधून आधी जाईल आणि दोन्ही कडांना शेवटी जाईल, कडांची शाई गेली की पाठ सपाट झाली. कानशीने कडेला एक बारीक खरखरीत कंगोरा उभा राहतो, तो तसाच ठेवला तर पहिले पाच-दहा हात भन्नाट ठिणग्या पडतात आणि मग तो मोडून पडतो आणि माणूस गोंधळतो की काल तर जमत होतं, त्यामुळे धार लावायच्या दगडावर पात्याची बाजू सपाट टेकवून तो आधीच काढून टाका. ग्राइंडर लावू नका, पातं तापून निळं-तपकिरी पडलं की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, असं समजा. आणि सगळी पाठ काटकोनी करायचीही गरज नाही. माझ्या चाकूला मी मुठीजवळची अंगठ्याची जागा जशी होती तशी ठेवलीय आणि त्याच्या पुढे साधारण ३-४ सेंटीमीटरचाच पट्टा कानसून घेतलाय, तेवढा पुष्कळ होतो.

नवीन कांडीवरही काळा रंग असतो बरं का. तो गंज लागू नये म्हणून दिलेला असतो, त्याच्यावर घासत बसलात तर ठिणगी येणारच नाही. एका बाजूचा रंग खरवडून खालचा करडा चमकदार धातू उघडा करा आणि मग सुरू करा.

आता ओढायचं कसं. बहुतेक जण काडेपेटीवर काडी ओढावी तसं झपकन ओढतात. त्याने ठिणग्या दिसतात भरपूर, पण बारीक असतात आणि खाली पडेपर्यंत विझतात. वेग कमी करा आणि दाब वाढवा. चाकूची पाठ पूर्ण सपाट टेकवली तर ती कांडीवरून स्केटिंग करत जाते, म्हणून चाकू थोडा कलता करा म्हणजे एकच कोपरा टेकेल, मग कांडीवर अगदी सावकाश एक सेंटीमीटर ओढून बघा. कोपरा चावतोय असं हाताला कळतं, आवाज बदलतो, करकर जाऊन एक जड खरखर येते आणि कांडीवर काळपट भुगा दिसतो. तो भुगा दिसला की कोन सापडला. तोच कोन धरून दाब देऊन पूर्ण लांबी ओढा. कीस जाड निघाला की ठिणगी म्हणजे नुसता ठिपका राहत नाही, वितळलेला थेंब पडावा तशी पडते आणि खाली पडल्यावरही क्षणभर जळत राहते, आग पेटते ती त्याने.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, चाकू हलवू नका, कांडी मागे ओढा. कांडीचं टोक जिथे पेटवायचंय तिथे टेकवा, चाकूचा हात गुडघ्याला किंवा नडगीला टेकवून घट्ट करा, धार वर आणि तुमच्यापासून लांब, आणि कांडी पाठीखालून आपल्याकडे खेचा. दोन फायदे होतात, चाकूचा हात पुढे जाऊन मेहनतीने रचलेला कापूस-गवत उधळत नाही आणि मोकळं पातं हवेत कुठेही फिरत नाही. मी सुरुवातीला कित्येक महिने उलटं करत होते, चाकू पुढे ढकलायचे, आणि प्रत्येक तिसऱ्या वेळेला गवताचं घरटं चाकूबरोबर पुढे जायचं. कांडी ओढायला लागले त्या दिवसापासून तो त्रास संपला.

प्रश्न: आजोबांकडे चकमक होती असं घरात सांगतात. फायरस्टील म्हणजे तीच का? आणि मग एकात कार्बन स्टील लागतं आणि दुसऱ्यात नाही असं कसं?

उत्तर: दिसायला भाऊ-भाऊ, पण काम अगदी उलटं. चकमकीत गारगोटी कठीण आणि पोलाद त्या मानाने मऊ, त्यामुळे दगडाची कड पोलादाचा कीस काढते आणि जळतो तो लोखंडाचा कण. म्हणून तिथे कडक पाणी दिलेलं कार्बन पोलाद लागतं, स्टेनलेस चालत नाही. वरच्या प्रश्नातल्या मित्राचं म्हणणं खोटं नाहीये, ते चकमकीला लागू आहे, फायरस्टीलला नाही. ही गल्लत इतकी पसरलीय की लोक चांगले चाकू बाजूला टाकतात, म्हणून मी ती प्रत्येक वेळी समजावून सांगते.

चकमकीची ठिणगी नारिंगी, लहान आणि फायरस्टीलच्या मानाने खूपच थंड असते. साध्या कापसावर ती पडली तर काही होत नाही. तिला आधीच अर्धवट जाळून काळं केलेलं सुती कापड किंवा झाडावर वाढणारी आळंबी लागते, जी ठिणगी धरून नुसती धुमसत राहते. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला, ज्याला ओट्झी म्हणतात, त्याच्या सामानात अशी आळंबी होती आणि तिच्यावर पायराइट या लोहखनिजाचे कण सापडले. म्हणजे पोलाद माणसाच्या हातात यायच्या कितीतरी आधीपासून दगडावर दगड आपटून ठिणगी काढायची आणि ती आळंबीत धरायची हे माणसाला येत होतं. मला हे वाचल्यावर खूप वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं, कारण आपणही गुडघ्यावर बसून अजून तेच करतो, ठिणगी पडते कुठे ते बघतो आणि श्वास रोखतो.

फेरोसेरियम त्या मानाने अगदी कालचं. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हेच ते गॅसबत्तीच्या मेंटलवाले. मेंटलसाठी मोनाझाइट नावाच्या वाळूतून थोरियम काढायचे, मेंटलमध्ये ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सेरियमचं, त्यामुळे सेरियम आणि त्याचे भाऊबंद ढिगाने उरायचे. त्या उरलेल्या धातूंत लोखंड मिसळलं की तो कडक होतो आणि खरवडला की ठिणग्या देतो हे त्यांच्या लक्षात आलं. लायटरमध्ये आपण जो खडा घालतो तो दगड नसतोच, फेरोसेरियमचाच तुकडा असतो, आणि त्याचं दातेरी चाक म्हणजे तुमच्या चाकूची पाठ.

प्रश्न: माझ्या ठिणग्या उत्तम पडतात, चाकूची पाठही तीक्ष्ण आहे, पण पेटतच नाही. सुकं गवत घेतो, पानं घेतो, पन्नास वेळा ओढतो, हात दुखतात. काय चुकतंय?

उत्तर: ठिणगी कितीही गरम असली तरी ती एवढीशी असते, तिच्याजवळ उष्णता फार थोडी. जाड काडीला ती तापवूच शकत नाही. तुमचं गवत हाताला सुकं लागत असेल पण ते जाड आहे. ते दोन तळहातांत घेऊन चोळा, अगदी बराच वेळ चोळा, तंतू सुटून त्याचा पिंजलेल्या कापसासारखा गोळा व्हायला हवा, आणि चोळताना जो बारीक भुगा गळतो तो फेकू नका, गोळ्याच्या मधोमध ठेवा कारण ठिणगी पहिल्यांदा त्यालाच धरते.

शिकायला मात्र गवतापासून सुरुवात करू नका. कापसाचा बोळा घ्या, त्याला पेट्रोलियम जेली चोळा, पण पूर्ण माखू नका, निम्मा कोरडा राहू द्या. मग तो ओढून ओढून इतका विरळ करा की आरपार उजेड दिसेल. ठिणगी कोरड्या तंतूंना धरते आणि जेली मेणबत्तीसारखी जळत राहते, त्यामुळे काटक्या लावायला काही मिनिटं तरी मिळतात. घट्ट बोळ्यावर ठिणगी पडली तर वरच एक काळा ठिपका करून विझते, हे एकदा शेजारी शेजारी करून बघा म्हणजे कायमचं लक्षात राहील.

आणि तुमच्या तीक्ष्ण पाठीचा दुसरा उपयोग इथेच आहे, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. राळेने भरलेलं चिडाचं लाकूड मिळालं तर पाठीने ते खरवडा, पातं उभं धरून आपल्याकडे ओढत राहा, मऊ, चिकट, पिवळसर लव निघते. तिचा सुपारीएवढा ढीग झाला की कांडीचं टोक त्यात खुपसा आणि एक जड, सावकाश हात ओढा. भूर्जाच्या सालीचंही तसंच, अख्खी साल ठिणगीने पेटत नाही, खरवडून लव काढली की पेटते. धारेने खरवडाल तर ढलप्या निघतील आणि धारही जाईल, त्यामुळे हे काम पाठीचंच.

हवा दमट असेल आणि काहीच धरत नसेल तर आणखी एक करता येतं. कांडीवर चाकू मुद्दाम अगदी हळू चालवा, इतका हळू की ठिणगी पडणारच नाही, नुसता भुगा खाली पडेल. तो कापसावर जमू द्या, चिमूटभर झाला की एक जोरदार हात ओढा, पडलेली ठिणगी त्या भुग्याला पेटवते आणि एक-दोन क्षण चांगली झगझगीत आग मिळते. हात आणि तोंड लांब ठेवा तेव्हा.

ठिणगीने धरलं की लगेच फुंकू नका. ज्वाला दिसत असेल तर तिला एकटं सोडा आणि काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या तिच्यावर तिरक्या ठेवत जा. नुसता धूर असेल तर मात्र हलकं, लांबून, सलग फुंकायचं. काटक्या आधी तोडून, जाडीप्रमाणे लावून हाताशी ठेवलेल्या हव्यात, आग धरल्यावर काटक्या शोधायला उठलात की ती गेलीच म्हणून समजा.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. तो घडीच्या चाकूने फायरस्टील ओढतो, कधी पाठीने कधी धारेने. मला भीती वाटते. ओरडू की शिकू देऊ?

उत्तर: शिकू द्या, पण तो चाकू आजच बाजूला ठेवा, भीती खरी आहे तुमची. घडीचं पातं मिटतं ते धारेच्या दिशेने. पाठीने कांडीवर दाब दिला की कांडी पाठीला उलट ढकलते, म्हणजे नेमकं मिटायच्या दिशेने, आणि मुठीवरची बोटं त्याच वाटेत असतात. नुसत्या स्प्रिंगवर उघडं राहणारं पातं असेल तर ते एका घसरगुंडीत बोटांवर येतं. लॉक असलं तरी मुलाच्या हातात त्याच्यावर भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि धारेने तर कुणीच ओढू नये. मी एकदा पावसात घाईघाईत धारेने ओढलं होतं, चार हातांत धारेवर चमकणारे सपाट ठिपके आले आणि दगडावर ते काढायला अख्खी संध्याकाळ गेली, पण त्याहून वाईट म्हणजे त्या जोरात धार मोकळी फिरत होती आणि माझा दुसरा हात समोरच होता.

त्याला कांडीसोबतची पट्टी द्या किंवा करवतीच्या तुटक्या पात्याचा बोटभर तुकडा द्या, दाते कानशीने घासून टाका आणि अर्ध्या भागावर चिकटपट्टी गुंडाळा. ठिणग्या चाकूपेक्षा चांगल्याच पडतात. सुरुवात मोकळ्या मातीवर किंवा पत्र्याच्या ताटात, आजूबाजूला सुकं काही नाही, केस बांधलेले, अंगात सुती कपडे, आणि शेजारी पाण्याची बादली. बादली तो स्वतः भरून आणेल, तुम्ही नाही, ही अट ठेवा. स्थिर पात्याचा चाकू नंतर, कांडी मागे ओढायची सवय हातात बसली की मग, आणि पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा.

प्रश्न: वर्षभर सॅकच्या कप्प्यात पडलेली कांडी काढली तर तिच्यावर पांढरट-करडी पावडर धरलीय आणि एका जागी खड्डा पडलाय. फेकून देऊ?

उत्तर: नका फेकू, आधी खरवडून बघा. हे धातू हवेतल्या ओलाव्याने हळूहळू खराब होतात, घाम आणि खारी हवा असेल तर लवकर, आणि मॅग्नेशियमच्या ठोकळ्याला चिकटवलेली कांडी असेल तर त्या जोडावर आणखी. पावडर चाकूच्या पाठीने काढा, खाली करडा चमकदार धातू लागला तर कांडी जिवंत आहे. खड्डा आरपार गेला असेल तर तिथून ती मोडेल, मग मोडलेला मोठा तुकडा लाकडाच्या मुठीत बसवून वापरता येतो.

पुढच्या वेळी ठेवताना पुसून कोरडी करा आणि वर नेलपॉलिशचा एक हात द्या, नाहीतर तेलाचं बोट फिरवा. ओल्या चामड्याच्या म्यानात चाकूशेजारी खोचून ठेवू नका. पावसात भिजली तर घाबरायचं कारण नाही, पुसली की लगेच ठिणग्या देते, खराब होते ती महिनोन्‌महिने ओलसर राहिल्याने. आणि वापरायच्या आधी नेलपॉलिश एका बाजूने खरवडायला विसरू नका, नाहीतर पुन्हा तोच करकर आवाज आणि पुन्हा तेच पत्र मला.